धुक्यातला हरिश्चंद्रगड, ३४ माणसे आणि पाचनईतले जेवण: मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : सचिव, बी विंग

नमस्कार.

पुण्यातील आमच्या सोसायटीचे ३४ सदस्य श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर जाण्याचे ठरवीत आहेत. त्यांतला सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा असून सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ ६७ वर्षांचे आहेत. वरचेवर डोंगर चढणारी माणसे मोजून आठ निघतात. पहाटे लवकर सतरा आसनी दोन गाड्यांनी निघायचे, आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असे करत गडाच्या पायथ्याचे गाव पाचनई गाठायचे, वर जाऊन मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहायचा, संध्याकाळी खाली उतरून सर्वांनी एकत्र जेवायचे आणि मग परतायचे, असा ढोबळ बेत आहे. जेवण हा आमच्या दृष्टीने दुय्यम भाग नाही. वर्षभर लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ज्यांचा एकमेकांशी संबंध येत नाही, ती माणसे एका पंगतीला बसावीत, या हेतूनेच ही सहल दरवर्षी निघते.

गेल्या वर्षीचा अनुभव मात्र फारसा चांगला नव्हता. दुसऱ्या एका किल्ल्यावरून उतरताना दाट धुके आले, गटाचे नकळत तीन तुकडे झाले आणि दोघीजणी गुरांच्या वाटेने भलतीकडे गेल्या. त्या नाहीत, हे आमच्या लक्षात आले ते गाडीत बसताना. सुदैवाने वाट चुकल्याचे कळताच त्या जागेवरच बसून राहिल्या होत्या, म्हणून तासाभरात सापडल्या. परंतु आठला सांगून ठेवलेल्या जेवणाला आम्ही सव्वादहाला पोहोचलो आणि गार वरण, चिवट पोळ्या मुकाट्याने खाल्ल्या. हॉटेलवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, चूक आमचीच होती.

म्हणून विचारतो. पाचनईची वाट अशा मिश्र गटाला झेपेल का? धुक्यात इतकी माणसे एकत्र ठेवायची कशी? आणि जेवण गावातच घरगुती सांगावे की महामार्गावरच्या हॉटेलात? त्यातून श्रावण असल्यामुळे निम्मी मंडळी मांसाहार करणार नाहीत, सहाजणांचा शनिवारचा उपवास आहे आणि उरलेल्यांना कोंबडीशिवाय सहल झाल्यासारखे वाटत नाही.

उत्तर : कातळवाट

गडावर जाणाऱ्या वाटांमध्ये पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे, त्यामुळे निवड योग्य आहे. खिरेश्वराहून तोलार खिंडीमार्गे येताना कातळटप्पा लागतो आणि त्यापुढच्या सारख्याच दिसणाऱ्या टेकड्यांमध्ये धुक्यात अनेक सराईत लोकही फिरत राहिलेले आहेत. बेलपाड्याहून कड्यालगतच्या घळीतून चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचा विचार आपल्या गटाने करूच नये. पाचनईहून सुरुवातीची चढण संपली की वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या कडेने, काही ठिकाणी तर तिच्या पोटाखालून, आडवी जाते आणि पुढे मंगळगंगेच्या प्रवाहाच्या सोबतीने मंदिराकडे चढते. चांगला चालणारा माणूस दीड-दोन तासांत मंदिरापाशी येतो. आपण तीन तास धरावेत.

धुक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे माणसे चालताना फारशी चुकत नाहीत, ती थांबल्यामुळे चुकतात. कोणी छायाचित्रासाठी बाजूला होतो, कोणी बुटाची नाडी बांधायला वाकतो, कोणी लघुशंकेला झाडीत शिरतो. तेवढ्यात पुढची रांग वीस पावले गेलेली असते आणि धुक्यात वीस पावले म्हणजे नजरेआड. मग तो माणूस घाईने निघतो आणि समोर जी वाट ठळक दिसेल ती धरतो. पावसाळ्यात पठारावर सर्वांत ठळक असतात त्या गुरांच्या वाटा. म्हणून थांबणाऱ्याने थांबण्यापूर्वी मोठ्याने सांगायचे आणि त्याच्यासोबत दुसऱ्या एकाने थांबायचे, हा नियम गाडीतच सर्वांना सांगून ठेवा.

आपल्याकडे आठ अनुभवी माणसे आहेत, हे फार सोयीचे आहे. आठ-नऊ जणांच्या चार तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीत एक अनुभवी पुढे, एक शेवटी ठेवा. शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचे नाही, मग कारण काहीही असो. मोजणी पुढाऱ्याने करू नये, कारण टोपी ओढलेले सगळे रेनकोट सारखेच दिसतात. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि ठरलेल्या जागी ज्याने त्याने आपला क्रमांक ओरडून सांगावा. गाव सोडताना, कातळभिंत संपल्यावर, ओढा ओलांडल्यावर आणि मंदिरात, अशा चार जागा पुरेत. उतरताना त्याच उलट क्रमाने.

हाकांवर विसंबू नका. धुक्यात आणि वाऱ्यात हाक कोठून आली ते नीट कळत नाही, शिवाय हाक मारणारा लवकर दमतो. प्रत्येक तुकडीकडे दोन शिट्ट्या असाव्यात. डोंगरातली संकटाची प्रचलित खूण अशी आहे: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, आणि ऐकणाऱ्याने उत्तरादाखल मिनिटाला तीन. मुलांना ही खूण शिकवा आणि गंमत म्हणून वाजवू नका, एवढेही शिकवा. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतला तरी ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तेव्हा तो दुसरा आधार समजावा. पहिला आधार म्हणजे गावातला वाटाड्या. ३४ माणसांना एक पुरणार नाही, दोन घ्या.

ओढ्याचे पाणी जाताना गुडघ्याच्या वर असेल तर तेथूनच परत फिरा. वर पाऊस वाढला तर येताना ते पाणी कमी झालेले नसेल. केदारेश्वराच्या गुहेकडे जाणारी जागाही जोराच्या पावसात पाण्याखाली असते, त्यामुळे त्या शिवलिंगाचे दर्शन होईलच असे कोणाला कबूल करू नका.

उत्तर : जुना भटक्या

वरील मजकुराशी सहमत आहे, परंतु आपण कोकणकडा बेतातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मंदिरापासून कड्यापर्यंत जायला आपल्या चालीने पाऊण तास आणि यायला तेवढाच, म्हणजे दीड-दोन तास तेथेच जातात. ऑगस्टमध्ये समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही आणि कड्याची धार कोठे संपते तेही कळत नाही. सूर्यास्त सातच्या सुमारास असला तरी धुक्यात आणि झाडीत सहालाच अंधारून येते. अनेकजण इंद्रवज्राच्या आशेने कड्यावर जाण्याचा हट्ट धरतात. ते गोलाकार इंद्रधनुष्य दिसण्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असावे लागते. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन पाठीवर येणार ते सकाळच्या वेळी. भर पावसाळ्यात दुपारी एक वाजता पोहोचणाऱ्या गटाला ते दिसण्याचा संभव नसल्यात जमा आहे.

उत्तर : अकोलेकरीण

माझे माहेर राजूरजवळचे. दरवर्षी नवऱ्याच्या कार्यालयातील मंडळींना या भागात घेऊन येते, त्यामुळे चालण्याविषयी वरच्या दोघांनी लिहिले आहे, मी जेवणाविषयी लिहिते.

जेवण गावातच सांगा. महामार्गावर जेवायचे म्हटले की ओल्या कपड्यांत दीड-दोन तास गाडीत कुडकुडावे लागते, अर्धी माणसे झोपतात आणि उठून जेवताना कोणाला कोणाशी बोलावेसे वाटत नाही. गावात मात्र उतरल्याबरोबर हातात चहा येतो, चुलीची ऊब मिळते आणि गप्पा डोंगरावरच्याच चालू राहतात.

परंतु ३४ माणसांचे जेवण एका घरावर टाकू नका. दोन चालक आणि दोन वाटाडे धरले तर ताटे ३८ होतात. चालकांना बहुतेक गट विसरतात आणि नंतर ओशाळतात. माणशी अडीच भाकरी धरली तर ९५ भाकऱ्या लागतात. एका चुलीवर, एका तव्यावर, सराईत हाताने तासाला वीस-बावीस भाकऱ्या होतात, तेही लाकूड कोरडे असेल तर; पावसाळ्यात सरपण दमट असते आणि फुंकणीवरच निम्मा जीव जातो. म्हणजे एकाच बाईला चार-साडेचार तास तव्यापुढे बसावे लागेल आणि तरीही पहिल्या भाकऱ्या गार होतील. तीन घरांत विभागून दिले तर दीड तासात काम होते आणि पैसेही तीन घरांत जातात. पंगत मात्र एकाच मोठ्या पडवीत बसवा, ते सहज जमते.

संख्या दोन दिवस आधी पक्की कळवा आणि निम्मी रक्कम आगाऊ पाठवा. किराणा आणायला बाजाराच्या गावी जावे लागते. ऐनवेळी दहाजण गळाले तर ते दहा ताटांचे अन्न त्या घराच्या अंगावर पडते. शनिवारी सकाळी फोन लागेलच, हे गृहीत धरू नका.

कोंबडीचा हट्ट या खेपेस सोडा, असे मी स्पष्टच सांगेन. ज्या घरात तुम्ही जेवणार, तेथेही श्रावण पाळत असतील आणि पाहुण्यांना नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल. नागलीची आणि तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, वरण-भात आणि मिळेल ती रानभाजी, एवढे सांगितले तरी बोटे चाटाल. उपवासवाल्यांची चिंता तर मुळीच करू नका. वरई या भागातच पिकते, तेव्हा भगर आणि दाण्याची आमटी यांची सोय होते; फक्त उपवासाची सहा ताटे आहेत, हे आधी सांगा, म्हणजे भांडी वेगळी ठेवतील.

भात सर्वांत शेवटी टाकायला सांगा. त्यासाठी वेळ कळवू नका, खूण कळवा: तुमच्यातला शेवटचा माणूस गावात दिसला की भात चुलीवर चढवायचा. माणसे हातपाय धुऊन, कपडे बदलून, चहा घेऊन बसेपर्यंत भात होतो. वेळ ठरवली की वर डोंगरावर कोणीतरी सतत घड्याळ पाहतो आणि उतरण्याची घाई करतो. शेवाळलेल्या दगडांवर घाई केली की पाय मुरगळलाच.

आणखी एक. बायकांना कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छतागृह आहे का, हे संयोजक पुरुष सहसा विचारत नाहीत. विचारा.

उत्तर : कातळवाट

ताईंची भाताची खूण मी यापुढे वापरणार. कड्याबद्दल 'जुना भटक्या' यांच्याशी माझे पूर्ण दुमत नाही, परंतु तो निर्णय पुण्यात बसून करू नये. मंदिरात पोहोचल्यावर किती वाजले, वारा कसा आहे, किती जणांचे पाय दुखत आहेत हे पाहून वाटाड्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. ज्यांना जायचे असेल त्यांनी मंदिरातून बाराच्या आत निघावे आणि सर्वांनी मिळून अडीचला मंदिर सोडावे. कड्यावर काही भागात कठडे आहेत, तरी धारेपासून दूर उभे राहावे आणि पालथे पडून दरीत डोकावण्याचा प्रकार धुक्यात करू नये. पोंचो घालणाऱ्यांनी तो कमरेला दोरीने बांधावा, नाहीतर दरीतून वर येणारा वारा तो थेट तोंडावर आणतो आणि नेमक्या त्या जागी माणूस आंधळा होतो.

प्रश्नकर्ता : सचिव, बी विंग

सर्वांचा आभारी आहे. तीन घरांत जेवण सांगितले आहे, ताटे ३६. शिट्ट्या आठ आणल्या आहेत. कोंबडीचा प्रस्ताव सोसायटीच्या बैठकीत चर्चेअंती मागे घेण्यात आला. एवढी शांततेत संपलेली बैठक मी तरी पाहिलेली नाही.

प्रश्नकर्ता : सचिव, बी विंग

काल जाऊन आलो. ज्यांनी एवढे लिहिले त्यांना वृत्तांत कळवणे आवश्यक वाटते.

पाचनईतच धुके गुडघ्याशी होते आणि कातळभिंतीखाली पोहोचेपर्यंत पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी तेवढी दिसत होती. भिंतीच्या टोकाशी मोजणी केली तेव्हा ३१पर्यंत क्रमांक आले आणि पुढे शांतता. गेल्या वर्षीच्या आठवणीने माझ्या पोटात गोळा आला. शेवटच्या तुकडीत शोध घेतला तेव्हा ३२ क्रमांकाचे आमचे खजिनदार समोरच उभे होते, तोंडात केळे असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते. त्यानंतर दिवसभर '३२' हाच विनोदाचा विषय झाला. परंतु पुढची एकही मोजणी चुकली नाही, कारण प्रत्येकाला त्यांच्या जागी आपण नसावे असे वाटत होते.

ओढ्याला पाणी पोटरीएवढे होते. मंदिरात पावणेबाराला पोहोचलो. केदारेश्वराच्या गुहेकडे जाण्यास वाटाड्याने नकार दिला आणि कोकणकड्याला होकार दिला, तोही एका अटीवर: ज्यांना चालायचे आहे त्यांनी लगेच निघायचे. १९ जण निघालो, १५ जण मंदिराच्या आवारात थांबले. कड्यावर आम्ही वीस मिनिटे उभे होतो आणि 'जुना भटक्या' यांनी सांगितल्याप्रमाणे काहीही दिसले नाही. मात्र पाऊस थांबलेला असताना चेहऱ्यावर पाणी येत होते आणि ते खालून येत होते. कड्यावरून खाली पडू पाहणाऱ्या लहान धारा वारा उलट्या उचलून आमच्यावर टाकत होता. आमच्यातील १२ वर्षांच्या मुलाने रुमाल सोडून पाहिला, तो त्याच्या मागे दहा फुटांवर येऊन पडला. दरी दिसली नाही याची खंत त्यानंतर कोणी बोलून दाखवली नाही.

शेवटचा माणूस गावात आला तेव्हा पाच वाजून पन्नास मिनिटे झाली होती. ते ६७ वर्षांचे गृहस्थ होते आणि दुरून त्यांची काठी दिसताच पडवीतून कोणीतरी आत ओरडले, 'टाका भात!' त्यांना वाटले, आपले स्वागत अशाच शब्दांत करण्याची येथे पद्धत असावी. सातला वीज गेली. चार विजेऱ्या तुळईला टांगून पंगत बसली. पार्किंगच्या एका जागेवरून दोन वर्षे पत्रव्यवहार करणारे दोन सभासद शेजारी शेजारी आले, कारण जागा तेवढीच उरली होती; एकाने दुसऱ्याच्या ताटात ठेचा वाढला आणि तो अपेक्षेपेक्षा तिखट निघाला, याला सूड म्हणावे की स्नेह, यावर परतीच्या गाडीत आळेफाट्यापर्यंत चर्चा चालली.

एक चूक कबूल करतो. ताई, तुम्ही ३८ लिहिले होते आणि मी ३६ कळवले. चालक लक्षात राहिले, वाटाडे राहून गेले. हे मी घरधनिणीला ओशाळून सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, 'आमचीच पोरं हायेत ती, त्यांचं धरलंच व्हतं.' भाकऱ्या शंभराच्या वर झाल्या होत्या आणि तरीही एकही उरली नाही. पैसे ३८ ताटांचे दिले.

एक शंका राहिली आहे. पंगतीत एक भाजी होती, किंचित कडवट, डाळीत शिजवलेली, तीत निळसर पाकळ्यांसारखे काहीतरी दिसत होते. विजेरीच्या उजेडात नीट कळले नाही आणि नाव विचारायचे राहून गेले. ती कोणती असावी?

उत्तर : अकोलेकरीण

ती भारंगीची फुले. फुले चिरून दोन-तीन पाण्यांतून पिळून घेतात, म्हणजे कडवटपणा कमी होतो, आणि मग मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीबरोबर लसूण-मिरचीच्या फोडणीत शिजवतात. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची करतात आणि आता श्रावणात फुलांची. एवढ्या माणसांना पुरेल इतकी फुले खुडायची म्हणजे त्यांच्या घरातली पोरे सकाळपासून रानात असणार. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांना खाऊ न्या.